विशेषणाआडची कवयित्री

प्रकाश नारायण संत यांच्या लंपनकथांवरील मालिका 2024 साली आली आणि त्याच वर्षी गोव्यातील भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट वेब मालिकेचा पुरस्कार मिळाला. त्या निमित्ताने सीमाभागातील आमच्या घरांतून ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ ही पुस्तके पुन्हा कपाटाबाहेर आली. याचा आनंद आहेच. परंतु त्यानंतरच्या गप्पांत एक प्रश्न आमच्या कानी वारंवार पडला : एवढ्याशा मुलाला आईने असे दूर कसे ठेवले? हाच प्रश्न वडिलांविषयी कोणी विचारल्याचे आम्हांस स्मरत नाही.

लंपन आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांच्या घरी वाढतो. या कथा आहेत, चरित्र नव्हे. तरीही बेळगावकर वाचक लंपनच्या आईच्या जागी नकळत लेखकाच्या आईला, म्हणजे इंदिरा संतांना, पाहतो. म्हणून हकीकत एकदा नीट समोर ठेवणे बरे. 1946 मध्ये पती नारायण संत यांचे निधन झाले, तेव्हा 1937 साली जन्मलेले प्रकाश जेमतेम नऊ वर्षांचे होते. पदरी तीन मुले. इंदिराबाईंनी बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात अध्यापन केले, पुढे तेथे प्राचार्यपद सांभाळले आणि त्याच काळात ‘शेला’ (1951) पासून एकेक काव्यसंग्रह सिद्ध केला. ‘गर्भरेशीम’ला 1984 चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

आमच्या समीक्षेने या आयुष्यातून एकच शब्द उचलला : विरहिणी. तो खोटा नाही. त्यांच्या कवितेतील विरहाची आर्तता कोण नाकारील? पण तो शब्द अपुरा आहे. ‘पतिनिधनानंतर’ येथे आमचे लेखक थबकतात, हळवे होतात, आणि शिक्षकांच्या पिढ्या घडविणारी नोकरी एका वाक्यात उरकून पुन्हा विरहाकडे वळतात. शेला, मेंदी, बाहुल्या ही संग्रहांची नावेही घरगुती विश्वातली. त्यामुळे रोज वर्गावर जाणारी बाई वाचकाच्या नजरेतून सहज निसटते. एखाद्या प्राध्यापक कवीची नोकरी आम्ही त्याची विद्वत्ता म्हणून सांगतो; कवयित्रीची मात्र तिच्यावर कोसळलेली आपत्ती म्हणून. एकाच कामाला ही दोन मापे कशासाठी?

लंपनकथांचे मोठेपण आम्हांस याच संदर्भात जाणवते. मूल वाढविणे हे केवळ जन्मदात्या आईचे काम आहे, असे त्या कोठेही मानीत नाहीत. आजी, आजोबा, शाळा, गाण्याचा वर्ग, सुमी, सवंगडी अशा अनेकांच्या सहवासात लंपन घडतो. आजोबांच्या मायेला तेथे कोणी ‘मदत’ म्हणत नाही. मात्र एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. कथा सांगणारा स्वतः लंपनच असल्याने त्याला आजीची माया दिसते. तिचे थकणे तितकेसे दिसत नाही. मुलाची नजर म्हणून हे योग्यच आहे. प्रौढ वाचकाने मात्र त्या नजरेवर विसंबून ‘पूर्वी मुले आपोआप वाढत’ असा निष्कर्ष काढू नये. ती आपोआप वाढत नव्हती. कोणाच्या तरी कष्टांवर वाढत होती.

आज आमच्या कुटुंबांतील सुना-मुली बंगळुरू-पुण्यात नोकऱ्या करतात आणि आजी-आजोबा नातवंडांसाठी आळीपाळीने तेथे जाऊन राहतात. बाळाला आंघोळ घालणाऱ्या मुलाचे आम्ही ‘सुनेला किती मदत करतो’ म्हणून कौतुक करतो. संध्याकाळी उशिरा परतणाऱ्या सुनेचे मात्र घड्याळ पाहतो. इंदिराबाईंच्या काळी स्त्रीच्या नोकरीला आम्ही नाइलाज म्हणत होतो. आता नाइलाज राहिलेला नाही, पण शब्द तेच आहेत. बापाचे ते कौतुक, आईचे ते कर्तव्य!

ही भाषा साहित्याच्या वाचनातून घरात येते की घरातून वाचनात जाते, हे सांगणे कठीण. निदान वाचनात ती सुधारणे आपल्या हाती आहे. म्हणून आमची विनंती एवढीच, की ‘वनवास’ आणि ‘शेला’ एकदा शेजारी ठेवून वाचावीत. मुलाने एकटेपणातून उभे केलेले भरलेले घर आणि आईने नोकरी-संसार सांभाळून लिहिलेली कविता, ही दोन्ही एकाच कुटुंबाची कमाई आहे. त्यातली एक वाचताना दुसरीवर ठपका ठेवण्याचे कारण नाही.