'स्टॅलॅग' रिडिम आणि त्यावरील दोन गीते

जमेकातील डान्सहॉल संगीतात 'रिडिम' ही जी संज्ञा रूढ आहे, तिच्यासाठी मराठीत 'चाल' हा शब्द योजण्याचा मोह होतो. तो टाळावयास हवा. चाल म्हणजे कंठाने आळवावयाचा स्वराकार. शब्द बदलले तरी तो कायम राहतो. रिडिमच्या बाबतीत नेमके उलट घडते. बास गिटार व ड्रम ह्यांची वीण आणि फार तर तिच्यावरील वाद्यांचे काही तुकडे एवढेच कायम राहते. स्वराकार मात्र प्रत्येक कलावंत आपला आपण रचतो. एकच रिडिम अनेकांनी वापरला म्हणजे तेथे प्रतिभेचे दारिद्र्य आहे, हा आक्षेप हा भेद ध्यानी न घेतल्याने संभवतो.

अ‍ॅन्सेल कॉलिन्स ह्यांची 'स्टॅलॅग 17' ही शब्दविरहित रचना निर्माते विन्स्टन रायली ह्यांनी 1973 साली प्रसिद्ध केली. तिच्यावर पुढे जी अनेक गीते झाली, त्यांपैकी कित्येक रिडिमच्या आधारावर केवळ तरून गेलेली आहेत, हे मान्य केले पाहिजे. परंतु सिस्टर नॅन्सी ह्यांचे 'बॅम बॅम' (1982) व टेनर सॉ ह्यांचे 'रिंग द अलार्म' (1985) ही दोन गीते एकापाठोपाठ एक ऐकावीत. नॅन्सी ह्या डीजे. जमेकात ही संज्ञा तबकड्या लावणाऱ्यास नव्हे, तर लयीत बोलत गाणाऱ्यास लावतात. त्यांचे चरण आखूड, उच्चार सैल, आणि मधल्या मोकळ्या जागेत बास स्पष्ट ऐकू येतो. पुरुषांच्या ह्या व्यवसायात एक स्त्री आपला अधिकार सांगते आहे. पण तिच्या स्वरात भांडण नाही, निश्चिंतपणा आहे. टेनर सॉ ह्यांचा आवाज उंच, लांबविलेला, काहीसा विलापाचा. त्यांचा विषय प्रतिस्पर्धी साउंड सिस्टिमचा, म्हणजे नृत्यसभेत ध्वनिक्षेपकांवर तबकड्या वाजविणाऱ्या दुसऱ्या पथकाचा, अंत. नॅन्सी ह्यांच्या गीतात डुलणारा तोच बास येथे धोक्याच्या घंटेसारखा भासतो. रिडिम ही पार्श्वभूमी असती, तर तिचा अर्थ असा पालटला नसता.

'बॅम बॅम'चे ध्रुवपदही नॅन्सी ह्यांचे स्वतःचे नव्हे. टूट्स अँड द मेटल्स ह्यांच्या ज्या 'बॅम बॅम' गीताने 1966 साली जमेकाच्या उत्सवगीत-स्पर्धेत पारितोषिक मिळविले, त्यावरून ते आलेले आहे. बास परका, ध्रुवपद परके. तरीही हे गीत नॅन्सी ह्यांचेच ठरते, कारण चरणांचा तोल, थांबण्याच्या जागा आणि आवाजातील तो निश्चिंतपणा ह्यांना दुसरा धनी नाही.

व्यवहारात हे धनीपण त्यांना सहजी लाभले नाही. 1998 साली 'बेली' ह्या अमेरिकी चित्रपटात हे गीत वाजले, तेव्हाही त्याचा मोबदला त्यांना मिळत नव्हता. 2014 साली ते एका जाहिरातीत ऐकू आल्यावर त्यांनी कायद्याची वाट धरली आणि हक्कांतील वाटा मिळविला. तोवर मूळ ध्वनिमुद्रणास तीस वर्षे उलटून गेली होती.