शेऱ्याचा रकाना : ई-पीक पाहणीच्या स्क्रीनचे एक वाचन

मराठी समीक्षेने कथा-कवितेपलीकडचे पुष्कळ काही वाचले आहे. बखरी, शिलालेख, जात्यावरच्या ओव्या, अगदी जाहिराती आणि निवडणुकीच्या घोषणासुद्धा. खेड्यातल्या माणसाचा ज्या मजकुराशी गेल्या काही वर्षांत सर्वांत निकडीचा संबंध आला, तो मात्र समीक्षेने अजून हाती घेतलेला नाही. हा मजकूर मोबाइलच्या स्क्रीनवर असतो. त्यात शीर्षके असतात, क्रियापदे असतात, बोलणारा एक आवाज असतो आणि त्या आवाजाने गृहीत धरलेला एक वाचकही असतो. बटण, यादी, चौकट ही त्याची वाक्यरचना. ती कोणीतरी विचार करून किंवा विचार न करता घडवलेली असते, म्हणजे तिची समीक्षा होऊ शकते.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी महाराष्ट्रात सर्वत्र सुरू झालेले ‘ई-पीक पाहणी’ हे ॲप अशा वाचनासाठी येथे घेतले आहे. महसूल व कृषी विभागांनी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने ते आणले. ते वाचायचे आहे नंदुरबार जिल्ह्यातून. प्रतिपादन असे, की या ॲपने शेतकऱ्याच्या हाती लेखणी दिली ही मोठी गोष्ट आहे. पण वाक्य आधीच लिहून ठेवले. लेखणी आणि वाक्य यांच्यातल्या या अंतराची किंमत सपाटीवर थोडी पडते आणि सातपुड्यात जास्त.

नोंद कोणाची, हात कोणाचा

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कोणाची ते असते, बारामध्ये त्या जमिनीत काय पिकले ते. नमुना बाराचे रकाने वाचण्यासारखे आहेत : मिश्र पिकाखालील क्षेत्र, त्यातली घटक पिके व प्रत्येकाखालील क्षेत्र, निर्भेळ पिकाखालील क्षेत्र, लागवडीसाठी उपलब्ध नसलेली जमीन, जलसिंचनाचे साधन आणि सर्वांत शेवटी ‘शेरा’. हे रकाने भरण्याचे काम तलाठ्याचे. बांधावर न जाता चावडीतच पीकपेरा लिहिला जातो, मागच्या वर्षीची पिके यंदाही उतरवली जातात, ही तक्रार जुनी होती आणि बिनबुडाची नव्हती. या नोंदीवर पीककर्ज, विमा, हमीभावाची खरेदी आणि अतिवृष्टीची भरपाई अवलंबून असते. चुकीची नोंद म्हणजे बुडालेला पैसा.

नंदुरबारमध्ये नोंदीला याहून जड इतिहास आहे. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेनुसार येथील ६९ टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. शहादा-तळोद्याच्या सुपीक पट्ट्यात आदिवासींच्या जमिनी कर्जापोटी, कागदापोटी इतरांच्या हाती गेल्या. अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखालील शहाद्याचे आंदोलन आणि १९७२मधली श्रमिक संघटना यांच्यामागे हा जमिनीचा प्रश्न होता. पुढे १९७४चा, आदिवासींना जमिनी परत करण्याचा कायदा आला. कागदावरचा अंगठा म्हणजे काय, हे या जिल्ह्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. तेथेही बोटांचे ठसे होते. आता अंगठा स्क्रीनवर आला आहे. प्रत्येक वेळी विचारायचा प्रश्न तोच : मजकूर कोणी लिहिला आणि अंगठा कोणाचा?

‘मीच’ आणि ‘निवडा’

या मोहिमेचे घोषवाक्य प्रथमपुरुषी आहे. शेती माझी, सातबारा माझा आणि पीकपेरा नोंदवणाराही मीच, असा त्याचा आशय. शासकीय मराठीत ‘मी’ फारसा सापडत नाही. तेथे ‘अर्जदार’ असतो, ‘लाभार्थी’ असतो, ‘सदर इसम’ असतो. म्हणून हा ‘मीच’ स्वागतार्ह वाटतो.

ॲप उघडले, की हा ‘मी’ नाहीसा होतो. स्क्रीनवरची क्रियापदे आज्ञार्थी आहेत : निवडा, भरा, नोंदवा. विभाग निवडा, जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव निवडा, आपले नाव शोधा, हंगाम निवडा, पिकाचा वर्ग निवडा. आज्ञार्थ येथे उद्धट नाही. बटणाची भाषा जगभर आज्ञार्थीच असते. तरी घोषवाक्यात बोलणारा शेतकरी स्क्रीनवर ऐकणारा झाला, हा बदल नजरेआड करू नये. त्याला बोलायचे असेल तर समोर ठेवलेल्या शब्दांपैकी एकावर बोट ठेवायचे, एवढेच त्याचे बोलणे.

‘किंवा’ची घडण

ॲप घडवणाऱ्यांच्या हाताशी निवडीसाठी मुख्यतः दोन साधने असतात. एक ‘रेडिओ बटण’. जुन्या मोटारींतल्या रेडिओला दाबायच्या कळांची रांग असे. एक कळ आत गेली की आधी दाबलेली बाहेर येई. एका वेळी एकच स्टेशन. स्क्रीनवरच्या गोल बटणांना ते नाव तेथून मिळाले. दुसरे साधन ‘चेकबॉक्स’, म्हणजे खूण करायची चौकट. तेथे हव्या तितक्या खुणा करता येतात. भाषेत सांगायचे तर पहिले साधन ‘किंवा’ म्हणते, दुसरे ‘आणि’. खाली उघडणारी यादी बहुधा पहिल्याच कुळातली. तिच्यातून एक उचलायचे आणि ती मिटते. प्रश्न ‘किंवा’ने विचारायचा की ‘आणि’ने, हा निर्णय तांत्रिक वाटतो, पण तो जगाविषयीचा निर्णय असतो.

शहाद्याच्या सपाटीवर पपईची बाग, तळोद्याकडे केळी, नंदुरबारच्या शिवारात मिरची. एका गटात एक पीक, ठिबक, विहीर, लागवडीचा ठरलेला दिनांक. अशा शेतकऱ्याला ॲपचा प्रत्येक प्रश्न बेतून शिवल्यासारखा बसतो. तो ‘निर्भेळ पीक’ निवडतो, क्षेत्र भरतो, सिंचनाचे साधन निवडतो, छायाचित्र काढतो आणि मोकळा होतो.

तोच जिल्हा, पण अक्राणीचा डोंगर. उतारावरच्या शेतात मका आहे, ज्वारी आहे, त्यांच्यात तूर आणि उडीद आहे. कोठे भगरीच्या जातीची बारीक तृणधान्ये आहेत, बांधावर मोह आणि ज्याचा आमचूर होतो तो आंबा आहे. हे सारे ‘आणि’चे जग आहे. एक पीक गेले तर दुसरे राहावे, हा त्यामागचा हिशेब. ॲपमध्ये मिश्र पिकाचा पर्याय आहे आणि बांधावरच्या झाडांसाठी वेगळी जागाही आहे, हे नमूद केले पाहिजे. अडचण त्यापुढची आहे. मिश्र पीक निवडल्यावर प्रत्येक पिकाखालचे क्षेत्र आकड्यात द्यायचे असते. मक्याच्या ओळीत पेरलेल्या उडदाखाली किती आर जमीन, याचे उत्तर मातीत नसते. ते अंदाजाने तयार करावे लागते. मग सोपा मार्ग म्हणजे जे जास्त दिसते ते एकच पीक नोंदवणे. यादी खोटे बोलायला सांगत नाही. खरे बोलणे मात्र लांबचे करून ठेवते.

येथे ॲपकर्त्यांना एकट्याला दोष देणे अन्यायाचे होईल. ‘घटक पिके व प्रत्येकाखालील क्षेत्र’ हा रकाना त्यांनी जुन्या नमुन्यातूनच उचलला. ‘निर्भेळ’ हा शब्दही त्यांचा नव्हे. एरवी आपण निर्भेळ दूध म्हणतो, निर्भेळ यश म्हणतो. महसुली भाषेत एकट्या पिकाला तो शब्द मिळाला आणि मिश्र शेतीला नकळत भेसळीचा वास लागला. धडगाव परिसरात ‘बाएफ’ या संस्थेने मका आणि ज्वारीच्या स्थानिक वाणांच्या जतनाचे काम केले आहे. ज्या वाणांसाठी बियाण्याची पेढी उभी करावी लागते, ते सारे यादीत ‘मका’ आणि ‘ज्वारी’ या दोन शब्दांत मावून जातात.

बोट, पाणी आणि दुसऱ्याचा फोन

बटणाला शब्दाबरोबर शरीरही असते. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक नियमांत बोट ठेवायची जागा किमान साधारण ९ मिलिमीटर असावी असे सांगितले आहे. हे माप करताना नजरेसमोर कोरडे बोट असते. खरिपाची नोंद ऑगस्ट-सप्टेंबरची. स्क्रीनला बोटातली विद्युतभाराची हालचाल कळते; ओल्या बोटाने आणि काचेवरच्या थेंबांनी ती चकते. चिखलातून आलेला हात, पाऊस आणि बांधावर उभे राहून काढायचे छायाचित्र यांचा मेळ घालणे हेही घडणीचेच काम आहे.

एका बाबतीत ॲपकर्त्यांनी परिस्थिती नीट वाचली होती. बांधावर नेटवर्क नसले तरी माहिती भरता येते आणि रेंज मिळेल तेथे येऊन ती अपलोड करता येते. एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंदणी करण्याची मुभाही आहे. दोन्ही सोयी डोंगरातल्या माणसाला उपयोगाच्या. पण त्यातली दुसरी सोय ‘मीच’ या शब्दाला हळूच बाजूला सारते. फोन शेजाऱ्याचा किंवा शाळेत शिकलेल्या पोराचा. निवडणारे बोट त्याचे. घरात भिली, पावरी किंवा मावची बोलणाऱ्या आजीने शेतात काय आहे ते सांगायचे आणि नातवाने त्याला यादीतला प्रमाण मराठी शब्द शोधायचा. शेतकऱ्यांनी न केलेल्या नोंदी पूर्ण करण्यासाठी पुढे गावोगाव सहायक नेमण्याची वेळ आली. म्हणजे मध्यस्थ गेला नाही, बदलला. आणि ज्याचे शेत वनपट्ट्यावर आहे व ज्याचे नाव खातेदार म्हणून सातबाऱ्यावर चढलेलेच नाही, त्याच्यासाठी ‘आपले नाव शोधा’ या पायरीलाच गोष्ट संपते. अक्राणी-अक्कलकुव्याच्या वनगावांना महसुली दर्जा मिळण्यासाठी स्वातंत्र्यानंतरही दशके वाट पाहावी लागली. त्या विलंबाची सावली या एका शोधचौकटीवर पडलेली आहे.

स्क्रीनची भाषा हा केवळ समीक्षकाचा प्रश्न नाही, हे ऑगस्ट २०२१मध्येच दिसले होते. त्या महिन्यात राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. फोन निकृष्ट होते, ही एक तक्रार. ‘पोषण ट्रॅकर’ ॲप मराठीत नाही, ही दुसरी. बटणावरचा शब्द कोणत्या भाषेत असावा यासाठी कष्टकरी बायांनी आंदोलन करावे, याची नोंद आपल्या भाषाविषयक चर्चेत ठळकपणे व्हायला हवी होती.

आक्षेप आणि उत्तर

यावर एक रास्त आक्षेप येईल. फॉर्म हा फॉर्म असतो, कादंबरी नव्हे. लाखो नोंदींची बेरीज करायची तर शब्द ठरलेलेच हवेत. प्रत्येकाने आपापल्या बोलीत पीक लिहिले तर आकडेवारी कशी निघणार? शिवाय बंद याद्यांमुळे शुद्धलेखनाच्या चुका टळतात, लिहिता न येणाऱ्यालाही टिचकीने काम करता येते. हे सर्व मान्य आहे. तलाठ्याच्या जुन्या वहीपेक्षा बांधावरचे छायाचित्र विश्वासार्ह, हेही मान्य.

पण जुन्या वहीत एक गोष्ट होती : ‘शेरा’. बेरजेत न बसणारे वास्तव लिहिण्यासाठी राखलेली जागा. इंग्रजी अमदानीपासून घडत आलेल्या महसुली व्यवस्थेलाही कळत होते, की रकान्यांबाहेर काहीतरी उरते. ई-पीक पाहणीत शेतकऱ्यासाठी याद्या आहेत, आकडे आहेत, कॅमेरा आहे. त्याच्या मोकळ्या शब्दासाठी पायरी नाही. नोंद त्याने करायची, पण शेरा मारण्याचा अधिकार त्याच्याकडे आलेला नाही. मराठीत ‘शेरा मारणे’ हे वरिष्ठाचेच काम मानले जाते, हा योगायोग नसावा.

याच भूमीतले कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. दुःख ज्यांचे ते खाली बसलेले आणि त्या दुःखाविषयी बोलणारे मंचावर, ही त्या कवितेतली परिस्थिती. ई-पीक पाहणीने शेतकऱ्याला मंचावर बोलावले, हा फरक खरा आहे. मात्र त्याच्या हाती भाषण लिहून दिले. मंच मिळणे आणि शब्द मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मागणी म्हणूनच छोटी आहे. नोंदीच्या शेवटी एक बटण असावे : दाबून धरायचे आणि आपल्या बोलीत बोलायचे. मिनिटभराचा आवाज त्या नोंदीला जोडला जाईल. यंत्राने तो वाचावा अशी सक्ती नको. भरपाईचा वाद उभा राहील तेव्हा तलाठ्याने किंवा तहसीलदाराने तो ऐकणे बंधनकारक असावे. ‘उडीद मक्यातच आहे, वेगळा मोजता येत नाही’, ‘वरची बाजू दरड आली तेव्हा वाहून गेली’, ‘हे शेत आम्ही तिघे भाऊ मिळून करतो’ अशी वाक्ये कोणत्याही यादीत बसणार नाहीत, पण खरा पीकपेरा त्यांच्याशिवाय अपुराच राहतो. आवाज टिपणारे बटण बनवणे आजच्या तंत्रज्ञांना अवघड नाही. पंधरा-वीस भाषांत निरोप बोलून पाठवणारा देश ते रोज वापरतो. अवघड आहे ते त्या आवाजाला नोंदीचा दर्जा देणे. तेवढे झाले तर घोषवाक्यातला ‘मीच’ सातपुड्यातही खरा ठरेल.