सोफ्यासमोरची बतावणी

संध्याकाळी इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर एक फेरी मारावी, तर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'चा एखादा प्रवेश कानावर पडल्याशिवाय ती पुरी होत नाही. बाकावरच्या निवृत्त मंडळींचे फोन मोठ्या आवाजात चालू असतात आणि ऐकू न येणारेसुद्धा मान डोलावतात. गणपतीत सोसायटीच्या मंचावर पोरे पूर्वी नाटुकली बसवायची. आता 'स्किट' करतात, तेही बहुतेक टीव्हीवर पाहिलेलेच. मराठी घराला विनोदाचा रोजचा रतीब आज या दहा मिनिटांच्या प्रहसनातून मिळतो. विनोदी कथा मागे पडली, दिवाळी अंकातला विनोदी लेख चाळला जातो, फार्सला महिन्यातून एखाद्या वेळी कालिदास कलामंदिरात गर्दी होते. इतक्या लोकांनी इतक्या आवडीने पाहिलेल्या या प्रकाराची समीक्षा मात्र 'काल मजा आली' किंवा 'काल नाही आली' याच्या पुढे जात नाही.

सतीश तारे यांचे 'फू बाई फू'मधले प्रवेश पुन्हा पाहायला घेतले ते या पार्श्वभूमीवर. तारे ३ जुलै २०१३ रोजी गेले. तोवर त्यांनी रंगभूमीवर 'ऑल लाईन क्लिअर'सारखे नाटक गाजवले होते, 'वळू'सारख्या चित्रपटातही दिसले होते. पण स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येऊन 'तारे लागलाय का?' असे विचारायला लावले ते झी मराठीवरच्या 'फू बाई फू'ने. तो कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. त्याच मंचावरून भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, भारत गणेशपुरे, विशाखा सुभेदार ही मंडळी पुढे आली. ती सगळी तिथे मोठी झाली. तारे तयार होऊनच आले होते. हा फरक आजही पडद्यावर स्पष्ट दिसतो.

मराठी टीव्हीवरच्या प्रहसनाची दोन घराणी आहेत, असे माझे मत आहे. पहिले लिहिलेल्या विनोदाचे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले आणि विनायक चासकरांच्या 'गजरा'ने छोट्या नाटुकल्यांची सवय लावली. याकूब सईद आणि बबन प्रभू यांचा 'हास परिहास' त्याच काळातला. बबन प्रभू म्हणजे 'झोपी गेलेला जागा झाला' लिहिणारे, फार्सची घडी नेमकी कुठे मोडते हे जाणणारे. किशोर प्रधानांसारखा नट चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता वाक्य टाकायचा आणि खालचे काम लेखकाने आधीच करून ठेवलेले असायचे. या घराण्यात नट लेखकाचा ऋणी असतो. दुर्दैव असे की हे घराणे आपल्याला धड तपासताही येत नाही. टेप महाग, म्हणून जुने पुसून त्यावरच नवे चित्रण करायचे, ही त्या काळाची रीत होती. बीबीसीनेही पीटर कुक आणि डडली मूर यांच्या 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो'चे कितीतरी भाग असेच पुसून टाकले. 'गजरा'विषयी वडीलधारी माणसे जे सांगतात त्यात आठवण किती आणि माया किती, हे ठरवायला समोर फारसे काही उरलेले नाही.

दुसरे घराणे बतावणीचे. तमाशातला सोंगाड्या मंचावर येतो तेव्हा त्याच्या खिशात संहिता नसते. गावाचे नाव, पाटलाचा स्वभाव आणि सकाळची बातमी एवढे असते. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'त दादा कोंडके यांनी हेच केले. पान सबनीसांचे, पण रोजच्या प्रयोगातले राजकारण आणि टोले त्या दिवसाचे. टीव्हीला हे घराणे मुळात मानवत नाही. टीव्हीला वेळ मोजून लागतो, कॅमेऱ्याला नट कुठे उभा राहणार ते आधी ठाऊक असावे लागते. बतावणीत नेमके तेच ठाऊक नसते.

तारे यांचे मोठेपण मला इथे दिसते. बतावणीचा धोका त्यांनी स्टुडिओच्या दिव्याखाली तसाच जिवंत ठेवला. त्यांचा प्रवेश पाहताना कथानक आठवत नाही. कोणाचेच आठवत नाही, विचारून पाहा. आठवतो तो समोरच्या नटाचे वाक्य पुरे होण्याआधी त्यातला एक शब्द उचलून पळून जाण्याचा वेग. समजा समोरचा म्हणाला, 'बसा जरा.' हे उदाहरण माझे, त्यांचे नव्हे; पण रीत अशी की बसण्यावरून धंदा बसला, धंद्यावरून घसा बसला, घशावरून सासऱ्यांची भिंत बसली, आणि तोवर खुर्ची रिकामीच. कोटी करणारे पुष्कळ असतात. कोटी केल्यावर ते थांबतात, टाळीची वाट पाहतात. तारे थांबत नसत. पहिल्या कोटीवर प्रेक्षक हसायला लागेपर्यंत ते तिसरीवर गेलेले असत, त्यामुळे हसणाऱ्यालाच मागे पडल्यासारखे वाटे.

या वेगामागे कान होता. हजरजबाबी नटाचे आपण तोंडासाठी कौतुक करतो, ते कानासाठी करायला हवे. पाठ केलेले बोलणारा नट समोरच्याचे ऐकत नसतो, तो आपली पाळी येण्याची वाट पाहत असतो. तारे ऐकत. सहकलाकाराची चूक झाली, शब्द घसरला, एखादी वस्तू हातातून पडली, की ती त्या क्षणापासून प्रवेशाचा भाग होई. परीक्षकांच्या खुर्चीवर बसलेल्या निर्मिती सावंत किंवा स्वप्नील जोशींनाही ते अधूनमधून ओढून आत घेत, आणि स्पर्धेच्या चौकटीचीच थट्टा होऊन जाई. गुण देणाऱ्याची टर उडवून त्याच्याकडून गुण घ्यायचे, हा सोंगाड्याचा जुना हक्क.

आता दुसरी बाजू. सलग पाहिले की तारे थकवतात. कोट्यांच्या भरात प्रवेशाचा शेवट हातातून निसटतो आणि मग कसातरी, गाण्याच्या एखाद्या ओळीवर किंवा पळापळीवर आटोपला जातो. स्त्रीपात्राच्या रंगा-अंगावरचे विनोद त्या मंचावर सर्रास होते. तारेही त्याला अपवाद नाहीत, आणि ते विनोद आज कानाला टोचतात. शिवाय या शैलीत सहकलाकाराचे हाल होतात. काही जोडीदार त्यांच्यापुढे नुसते हसत उभे राहिले आहेत. जसपाल भट्टींचा १९८९चा 'फ्लॉप शो' जेमतेम दहा भागांचा, पण तो आजही सलग बघवतो, कारण त्यातला विनोद परिस्थितीत आहे. सरकारी बैठक, पीएचडीचा मार्गदर्शक, खोटी वैद्यकीय बिले यांतले काहीच जुने झालेले नाही. तारे यांचा विनोद त्या क्षणात आहे, आणि क्षणाला शिळे व्हायला वेळ लागत नाही. हे त्यांचे न्यून म्हणायचे की त्या कलेचा स्वभाव, यावर माझे अजून पक्के होत नाही.

त्यांच्यानंतर काय झाले? 'चला हवा येऊ द्या' ऑगस्ट २०१४ मध्ये आले ते बतावणीचाच वारसा सांगत. भाऊ कदम यांच्याकडे तारेंच्या बरोबर उलटे शस्त्र होते. ते बोलत नसत, थांबत; आणि त्या थांबण्यात सभागृह कोसळे. सुरुवातीची वर्षे झकास गेली. मग दर आठवड्याला एक नवा चित्रपट सोफ्यावर येऊन बसू लागला. पाहुण्याची टर उडवायची, पण त्याचे तिकीट खपले पाहिजे, अशा कात्रीत सोंगाड्या सापडला. साडी नेसलेला पुरुष हा मग विनोद उरला नाही, गणवेश झाला. मार्च २०२४ मध्ये ते पर्व संपले तेव्हा हळहळ वाटली, पण ती २०१५ सालच्या भागांसाठी.

'हास्यजत्रा'ने २०१८ पासून सोनी मराठीवर उलट वाट धरली. सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी यांनी लेखनाला पुन्हा मान दिला, 'गजरा'च्या घराण्याला वारस मिळाला. समीर चौघुले आणि प्रसाद खांडेकर हे स्वतः लिहिणारे नट. नम्रता संभेराव यांची लॉली ही लिखाण आणि अंग यांच्या जुळणीतून आलेली भूमिका. गौरव मोरे फिल्टरपाडा घेऊन आले आणि मराठी विनोदाचा पत्ता गिरगाव-पुण्याबाहेर सरकला, हे मला या कार्यक्रमाचे सर्वांत मोठे काम वाटते. सरासरी पाहिली तर आजचे प्रहसन 'फू बाई फू'पेक्षा कितीतरी नेटके आहे.

नेटके आहे, आणि तिथेच माझी तक्रार सुरू होते. एक चांगले वाक्य पडते, लगेच कॅमेरा सोफ्याकडे वळतो, परीक्षक खुर्चीतून घसरत हसतात, कीबोर्डवाला ठेका टाकतो. घरच्याने कधी हसायचे हे आधीच ठरलेले. या कापाकापीत नट समोरच्याचे ऐकतो आहे की नाही हे दिसतच नाही. त्यात रील आली. चाळीस सेकंदांच्या तुकड्यात शेवटचा टोला उरतो, त्याआधी सात मिनिटे रचलेले सगळे गळून जाते. लिहिणारेही मग तुकड्यांसाठीच लिहू लागले आहेत, अशी शंका अलीकडचे काही भाग पाहताना येते.

तारे यांचेही आज मिळतात ते मुख्यतः तुकडेच, कोणी कोणी चढवलेले, पर्व आणि तारीख नसलेले. निदान त्यांचे संपूर्ण भाग वाहिनीने क्रमाने उपलब्ध करून द्यावेत. इथे टेप पुसल्याची सबब सांगता येणार नाही. आणि ज्याला त्यातून शिकायचे असेल त्याने तारेंकडे पाहू नये, त्यांच्या जोडीदाराकडे पाहावे. पुढचे वाक्य काय येणार हे त्या बिचाऱ्याला माहीत नाही, हे त्याच्या डोळ्यांत दिसते. आजच्या प्रवेशांत ते कोणाच्याच डोळ्यांत मला दिसत नाही.