पाण्यावर पारखलेली चूल

माझ्या आजोळी, वाळवा तालुक्यात, एक निर्धूर चूल होती. योजनेतून आलेली. पुढे एक भोक, मागे एक भोक, आणि भिंतीतून वर गेलेले सिमेंटच्या नळीचे धुराडे. मी पाहिली तेव्हा तिचे तोंड फोडलेले होते. चूल बसवली त्याच आठवड्यात आजीने ते खुरप्याने फोडले होते, असे मामी सांगते. साच्याने बेतलेल्या त्या तोंडातून तुरीच्या दोन काट्या आत जात, तिसरी अडे. आणि मुख्य म्हणजे निखारे पुढे ओढायला जागाच नव्हती. धुराडे पुढच्या पावसाळ्यापर्यंत काजळीने बुजले. ते साफ करायचे असते हे कुणी सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तरी छपरावर चढणार कोण? धूर पुन्हा घरात आला. आजी शेवटपर्यंत खोकत राहिली.

सरकारी हिशेबात ती चूल 'बसवली' या रकान्यात गेली असणार. गेली दोन वर्षे मी चुलींविषयी लिहिले गेलेले जे मिळेल ते वाचते आहे, ते या रकान्यामुळे. मी अभियंता नाही. मला येते ते मजकूर वाचणे: वाक्याचा कर्ता कोण, कर्म कोण, लेखकाच्या डोळ्यांपुढे वाचक कोण, आणि कशाचा उल्लेखच नाही.

आधी आपल्या अंगणातले. मराठी आत्मपर लेखनात चूल जागोजागी पेटलेली असते. पहाटेची, आईची, पावसाळ्यातली. बहिणाबाई चौधरींसारखा अपवाद सोडला, तर या चुलीपुढे बसलेल्या बाईचा हात पोळत नाही. धूर असतो, पण तो आठवणींचा. डोळ्यांत जात नाही. ही चूल बहुधा जेवणाऱ्याने लिहिलेली आहे, रांधणारीने नव्हे. महामार्गावरच्या 'चुलीवरचे मटण' या पाट्या याच वाङ्मयाचा शेवटचा अध्याय आहेत, असे मी गमतीने म्हणते, पण पूर्ण गमतीने नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुराने २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसे गेली. आपल्या ललित गद्याला या धुराचा वासही नाही.

दुसरे वाङ्मय सुधारकांचे. त्याची आपल्याकडची सुरुवात वर्ध्याची. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या परिसरात चूल हा गंभीर विचाराचा विषय ठरला आणि त्यातून 'मगन चूल' आली. पुढे हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या एस. पी. राजू यांनी १९५३ साली एक पुस्तिका काढली. तिच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'लाखोंसाठी धूरविरहित स्वयंपाकघरे'. या नावात मला त्या दशकाचा सगळा आवाज ऐकू येतो: निरोगी, उमदा, आणि लाखांत मोजणारा. पण एक गोष्ट नोंदवली पाहिजे. राजूंच्या नावात 'स्वयंपाकघर' आहे. पुढच्या लेखनातून ते गळत गेले आणि उरले फक्त 'उपकरण'.

गळले कसे, ते पाहण्यासारखे आहे. सत्तरच्या दशकात तेल महागले. १९७५ साली एरिक एकहोम यांच्या निबंधाने सरपणाच्या टंचाईला 'दुसरे ऊर्जासंकट' म्हटले आणि चुलीवरचा आरोप बदलला. आता ती जंगल खात होती. १९८३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमाची भाषा बरीचशी याच भीतीची आहे. त्याच वर्षी कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातेतल्या स्वयंपाकघरांतला धूर मोजून प्रसिद्ध केला, आणि हळूहळू आरोप पुन्हा धुराकडे वळला, पुढे हवामानाकडे. दर पंधरा वर्षांनी चूल नव्या गुन्ह्यासाठी उभी केली जाते. तिच्यापुढे बसलेली बाई मात्र प्रत्येक खटल्यात तीच, आणि तिची साक्ष कुणी काढत नाही. कार्यक्रम २००२ च्या सुमारास गुंडाळला, तोवर ३ कोटींहून अधिक चुली 'बसल्या' होत्या.

या वाङ्मयाचा कणा म्हणजे पाणी उकळण्याची चाचणी. १९८० च्या दशकात ती जगभर रूढ झाली. ठरावीक पाणी घ्यायचे, थंड चुलीवर उकळायचे, मग तापलेल्या चुलीवर उकळायचे, मग ४५ मिनिटे मंद खळखळत ठेवायचे. किती लाकूड लागले ते तोलायचे. मागे साधे शास्त्र आहे. चुलीत दोन कामे चालतात: लाकूड पुरते जाळणे, आणि निघालेली उष्णता भांड्यात घालणे. तीन दगडांच्या चुलीत ही दोन्ही कामे अर्धवट होतात आणि लाकडातल्या उष्णतेपैकी जेमतेम १० ते १५ टक्के भांड्याला मिळते. आपल्या भारतीय मानकात पंख्याविना चालणाऱ्या चुलीला किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीला ३५ टक्के लागतात. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये लॅरी विनियार्स्की यांनी मांडलेली 'रॉकेट' चूल हे फार देखण्या रीतीने करते: इंग्रजी 'एल' अक्षरासारखी नळी, भोवती उष्णता धरून ठेवणारा थर, लहान तोंड, काटक्यांखालून हवा. आत ज्वाळा पुरती जळते आणि धूर वर येण्याआधीच संपतो.

चाचणी खोटी नाही. पण पाणी कोण जेवते?

भाकरीचे पाहू. तवा सगळीकडे सारखा तापावा लागतो, मध्येच नव्हे. एक बाजू तव्यावर, वर पाण्याचा हात, उलटली की दुसरी. मग भाकरी तव्यावरून उतरून चुलीच्या तोंडाशी, ओढलेल्या निखाऱ्यांपुढे उभी राहते आणि टम्म फुगते. तोवर तव्यावर पुढची पडलेली असते. म्हणजे भाकरीच्या चुलीला तोंड मोठे लागते, तोंडाशी निखारे लागतात, आणि जाळ पसरट लागतो. कार्यक्षम चुलीला नेमके उलटे हवे असते: तोंड लहान, निखारा आतच संपलेला, जाळ नळीत कोंडलेला. आजीने खुरपे चालवले ते अडाणीपणाने नव्हे. तिने चुलीचे संपादन केले. आणि त्या संपादनाची किंमत तिच्याच छातीने दिली, हेही तितकेच खरे. ती बरोबर होती म्हणून धूर कमी झाला नाही. हे दोन्ही एका वाक्यात मावणारे लेखन मला हवे होते, आणि ते फार थोडे सापडले.

न्यायाने सांगायचे तर प्रत्यक्ष पदार्थ रांधून पाहण्याची आणि घरोघरी जाऊन सरपण तोलण्याची अशा चाचण्याही या मंडळींनी आखल्या होत्या. पण त्यांना वेळ आणि पैसा लागतो. पाणी सगळीकडे सारखे उकळते.

ओडिशातल्या सुमारे २,६०० कुटुंबांचा चार वर्षे मागोवा घेणारा रेमा हॅना, एस्थर दुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांचा निबंध या वाङ्मयातला सर्वांत प्रामाणिक आहे. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, पुढे तो फरक पुसला गेला. आरोग्यात आणि जळणात बदल दिसला नाही. चुली फुटल्या, दुरुस्त झाल्या नाहीत, अनियमित वापरल्या गेल्या. अपयश असे उघड मांडायला धैर्य लागते. माझी हरकत उपशीर्षकाला आहे. त्यात 'कुटुंबाच्या वर्तनाचा' परिणाम असे शब्द आहेत. चुलीच्या वर्तनाचा, असे का नाही? धुराडे बुजणे हे कुणाचे वर्तन?

वेगळे उदाहरण मला सुदानमधले सापडले, आणि त्यामागे मुंबईत जन्मलेला माणूस निघाला. भौतिकशास्त्रज्ञ अशोक गाडगीळ २००५ च्या अखेरीस दारफूरच्या निर्वासित छावण्यांत गेले. तिथल्या बायका सरपणासाठी तासन्‌तास चालत आणि वाटेत त्यांच्यावर अत्याचार होत. कमी लाकूड म्हणजे कमी फेऱ्या, इतके थेट गणित होते. पण त्यांच्या गटाने भारतातली एक तयार चूल तिथे नेऊन पाहिली, आणि मग तिथल्या बायकांना तिच्यावर आपला स्वयंपाक करू दिला. तिथला मुख्य पदार्थ असिदा: आपण उकड हाटतो तसा, पण कितीतरी घट्ट, जोर लावून घोटायचा. घोटताना भांडे हलते, चूल कलंडते. वारा ज्वाळा पळवतो. भांड्यांचे बूड गोल. चूल या सगळ्याप्रमाणे बदलली; तिचे पत्रे मुंबईत कापून चपटे पाठवले जात आणि तिथे जोडले जात. या प्रकल्पाच्या वर्णनांत घोटणारा हात सतत वाक्यात येतो. मी वाचलेल्या इतर अहवालांत असा हात मला क्वचितच भेटला.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात हे सगळे माझ्यापुढे घडले. गावात कृष्णा शिरली तेव्हा मामीकडची माणसे शाळेच्या वरच्या मजल्यावर होती. रस्ते बंद, सिलिंडर येण्याचा प्रश्नच नव्हता. माझ्या मामेभावाने तेलाच्या चौकोनी डब्यात पत्र्याची नळी काटकोनात बसवली, भोवती राख ठासली आणि रॉकेट चूल केली. शाळेच्या मोडक्या बाकांच्या पट्ट्या कोरड्या होत्या, त्या चिरून घातल्या. (आपत्तीच्या तयारीविषयी मला एकच सांगता येईल: चुलीपेक्षा कोरड्या काटक्या आधी जपाव्यात. ओले लाकूड आपली बरीच धग स्वतःला वाळवण्यात घालवते.) चहा झाला, डाळभात झाला, तोही डोळ्यांना पाणी न येता. तिसऱ्या दिवशी कुणीतरी ज्वारीचे पीठ आणले. मामीने भाकरी टाकली. मध्ये करपली, कडेला कच्ची राहिली.

"चूल ब्येस हाय गं," मामी मला म्हणाली, "पर हिला भाकरी येत न्हाई."

दोन वर्षांच्या वाचनात मला याहून नेमकी समीक्षा मिळाली नाही. कर्ता चूल आहे. येत नाही ते चुलीला.

पाणी ओसरल्यावर मामीने परसात मातीची चूल पुन्हा घातली, रुंद तोंडाची. घरात गॅस आहे, चहा-भाजी त्यावर होते; भाकरी परसात, उघड्यावर, म्हणजे धूर निदान कोंडत नाही. डब्याची चूल फेकलेली नाही. ती न्हाणीघराच्या बाहेर आहे आणि तिच्यावर रोज सकाळी आंघोळीचे पाणी तापते.