‘ऐकणे’ आणि आशीर्वाद : योशीया राजाच्या कथेच्या संदर्भात

बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ ह्या पाचव्या पुस्तकाचा अठ्ठाविसावा अध्याय ईश्वराज्ञा व तिचे फल ह्यांच्या चर्चेत वारंवार पुढे केला जातो. आज्ञा पाळणाऱ्या प्रजेस नगरात व शेतात, संततीत व गुराढोरांत, टोपलीत व काथवटीतही बरकत लाभेल, असे त्याचा पूर्वार्ध सांगतो. ह्यावरून हा सारा देवघेवीचा व्यवहार आहे, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. आमच्या मते तो घाईचा आहे. कारण ह्या वचनाची सर्वांत कठोर परीक्षा बायबलच्याच लेखकांनी केलेली आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. ‘आज्ञा पाळणे’ ह्या अर्थी येथे ‘शामा’ हे हिब्रू क्रियापद आले आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकणे. मराठी वाचकास ह्याचे नवल वाटू नये. ‘मुलगा ऐकत नाही’ असे म्हणताना आपण त्याच्या कानांविषयी तक्रार करीत नसतो. ‘शुश्रूषा’ हा शब्दही ऐकण्याच्या इच्छेपासून निघून सेवेपर्यंत पोहोचला आहे. अध्यायाच्या पहिल्याच वचनात हे क्रियापद द्विरुक्त होऊन येते. पुढे आशीर्वाद ‘गाठतील’ असे म्हटले आहे. आणि शापांसाठीही तेच क्रियापद योजिले आहे. पाठलाग करून गाठणाऱ्या शत्रूसाठी वापरावयाचे हे क्रियापद आशीर्वादासाठी यावे, हे लक्षणीय आहे. वेतन कोणी पाठलाग करून देत नाही.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. आशीर्वादांस चौदा वचने, तर शापांस चोपन्न. ही विषमता कोठून आली, ह्यावर १९५५ साली निमरूद येथे सापडलेल्या व १९५८ मध्ये वाइझमन ह्यांनी प्रसिद्ध केलेल्या अश्शूरी इष्टिकालेखांनी बराच प्रकाश टाकला. सम्राट एसरहद्दोन ह्याने इ. स. पू. ६७२ मध्ये आपल्या वारसाशी एकनिष्ठ राहण्याची जी शपथ मांडलिकांकडून घेवविली, तिच्यातही आकाश धातूचे व भूमी लोखंडाची होण्याचा शाप आहे. २००९ साली तुर्कस्तानातील तेल तायिनात येथे ह्याच शपथेची आणखी एक प्रत मिळाली. यहूदाचे राज्य तेव्हा अश्शूरचे मांडलिक होते. तेव्हा सम्राटाला वाहावयाची निष्ठा येथे ईश्वराकडे वळविली आहे, हे मत आम्हांस ग्राह्य वाटते. मात्र एक भेद सहसा दुर्लक्षिला जातो. सम्राटाच्या लेखात शाप विपुल आहेत, आशीर्वाद नाहीत. म्हणजे आशीर्वादाचा भाग त्या साच्यातून आलेला नाही. ही अल्पसंख्य चौदा वचने अध्यायाची शोभा नसून त्याचा विशेष आहेत.

आता खरा प्रश्न. इ. स. पू. ६२२ च्या सुमारास यरुशलेमच्या मंदिरात एक ग्रंथ सापडला व तो ऐकून योशीया राजाने वस्त्रे फाडली, असे ‘राजे’ ह्या ग्रंथात सांगितले आहे. हा ग्रंथ ‘अनुवादा’चेच काही रूप असावे, हे १८०५ मध्ये द वेट ह्यांनी पुढे आणलेले मत आज बहुतेक अभ्यासक मानतात. योशीयाने ऐकले, आणि अक्षरशः ऐकले. त्याच्यासारखा राजा पूर्वी झाला नाही व पुढेही झाला नाही, अशी ग्रंथकाराची ग्वाही आहे. हुल्दा ह्या संदेष्ट्रीने त्याला शांतीने मृत्यू येईल असेही सांगितले होते. इ. स. पू. ६०९ मध्ये मगिद्दो येथे मिसरच्या फारो नखोने त्याला ठार केले. तेव्हा तो एकोणचाळीस वर्षांचा होता. ज्याला ग्रंथकार सर्वांत पापी ठरवितो, त्या आजोबाने, मनश्शेने, मात्र पंचावन्न वर्षे राज्य केले होते!

‘राजे’चा लेखक ह्या विसंगतीपुढे थबकतो. मनश्शेच्या पापांमुळे ईश्वराचा कोप शमला नाही, एवढे तो सांगतो. परंतु हे यहूदावरील कोपाचे कारण झाले, योशीयाच्या मृत्यूचे नव्हे. तो मृत्यू त्याने एकाच वचनात, कोणतेही भाष्य न करता उरकला आहे. कलादृष्ट्या हे मौन आम्हांस मोलाचे वाटते.

‘इतिहास’ हा ग्रंथ पुष्कळ नंतरचा. त्याच्या लेखकास असे मौन परवडत नाही. तो मनश्शेला बंदिवासात पश्चात्ताप करावयास लावतो, म्हणजे दीर्घ राज्याची उपपत्ती लागते. योशीयाविषयी तर तो असे सांगतो की, नखोच्या तोंडून ईश्वरच बोलत होता आणि योशीयाने ते ऐकले नाही. येथेही क्रियापद ‘शामा’च आहे! अठ्ठाविसाव्या अध्यायाचे सूत्र राखण्यासाठी सर्वांत चांगल्या श्रोत्याला अखेरच्या क्षणी बहिरा ठरविणे, हे तर्काला धरून असेल; न्यायाला धरून आहे, असे म्हणवत नाही. परकीय राजाच्या धमकीत देवाचा शब्द ओळखावा, अशी अपेक्षा ‘अनुवादा’ने कोठेही केलेली नाही.

तथापि ह्याच लेखकाने पुढे एक नोंद केली आहे. योशीयासाठी यिर्मयाने विलापगीत रचले, आणि गाणारे स्त्रीपुरुष आपल्या काळापर्यंत त्याचा शोक गात आले आहेत, असे तो लिहितो. दोष सिद्ध केल्यावरही हा शोक त्याला गाळता आलेला नाही.