परका डोळा

‘कोचिंग’ हा शब्द कानीं पडतांच आपल्याकडील गृहस्थाच्या दृष्टीपुढें शिकवणीचा वर्ग उभा राहतो: दाटीवाटीनें बसलेलीं मुलें, फळ्यावरील गणितें आणि हप्त्यांनीं भरावयाची फी. ह्याच शब्दाच्या आश्रयानें गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत इंग्लंड-अमेरिकेंत मात्र एक निराळाच व्यवसाय उदयास आला, आणि आतां तो मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांतूनही रुजला आहे. येथें शिष्य म्हणून येतो तो आपल्या कामांत मुरलेला, बहुधा चाळिशीच्या पुढचा मनुष्य. आणि त्याचा जो ‘कोच’, तो त्याला नवें असें प्रायः कांहींच शिकवीत नाहीं. मग तो करतो काय, आणि त्याबद्दल द्रव्य कां घेतो, हा प्रश्न साहजिक आहे. व्यवसायाचीं प्रसिद्धिपत्रकें ह्या बाबतींत निरुपयोगी. तीं आश्वासनांनीं इतकीं फुगलेलीं असतात कीं, त्यांत हाताला कांहीं लागत नाहीं. म्हणून ह्या प्रश्नाचा विचार मीं दोन लेखनकृतींच्या आधारानें करूं इच्छितों. एक आहे डॉ. अतुल गवांदे ह्यांचा ‘पर्सनल बेस्ट’ हा दीर्घ निबंध. तो अमेरिकेंतील ‘न्यूयॉर्कर’ ह्या साप्ताहिकांत 2011 सालच्या ऑक्टोबरांत प्रसिद्ध झाला. दुसरी कृति टिमथी गॅल्वी ह्यांचें 1974 सालचें ‘दि इनर गेम ऑफ टेनिस’ हें पुस्तक. दोन्ही कृती वाचनीय आहेत, दोन्हींत सत्य आहे. आणि गंमत अशी कीं, दोहोंचें एकमेकांशीं जमत नाहीं.

गवांदे ह्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यांतील उटी ह्या खेड्यांतले. स्वतः गवांदे बॉस्टनमधील नामांकित शल्यवैद्य. निबंधाचा आरंभच मोठ्या धैर्याचा आहे. आपण आठ वर्षें शस्त्रक्रिया करीत आहों, दोन हजारांहून अधिक केल्या, आणि अलीकडे आपली प्रगति खुंटली आहे, असें ते सरळ सांगतात. त्यांच्या रोग्यांना होणारे उपद्रव सरासरीहून कमीच होते. पण पूर्वीं ते वर्षानुवर्षें घटत गेले, आणि मग घटेनासे झाले. कोणीं तक्रार केलेली नव्हती. प्रतिष्ठा होती, लौकिक होता. अशा मनुष्याला ‘तुझें कांहीं चुकतें आहे’ असें सांगणार कोण? हाताखालचे सांगणार नाहींत, बरोबरीचे आपापल्या कामांत, आणि वरिष्ठांना फुरसत नाहीं. निष्णात मनुष्याचें हें एकाकीपण गवांदे ह्यांनीं जितक्या निर्भीडपणें मांडलें आहे, तितकें इतरत्र माझ्या वाचनांत आलें नाहीं.

सुटकेचा मार्ग त्यांना सुचला तो टेनिसच्या मैदानावर. नुकत्याच पदवीधर झालेल्या एका तरुण खेळाडूनें त्यांची सर्व्हिस पाहिली आणि पाय कोठें ठेवावे एवढेंच सुचविलें. कांहीं मिनिटांत चेंडूचा वेग ताशीं निदान दहा मैलांनीं वाढला. त्यावरून त्यांना प्रश्न पडला: खेळाडूंना कोच असतो, गायकांनाही असतो, मग शल्यवैद्याला कां नसावा? त्यांनीं आपले जुने गुरु, सेवानिवृत्त शल्यवैद्य रॉबर्ट ऑस्टीन, ह्यांस शस्त्रक्रियागृहांत येऊन नुसतें पाहण्याची विनंति केली.

पुढचा प्रसंग हा निबंधाचा गाभा होय. कंठग्रंथीची एक शस्त्रक्रिया. ऑस्टीन हातांत वही घेऊन बाजूला उभे. गवांदे ह्यांच्या मतें सर्व कांहीं इतकें सुरळीत पार पडलें कीं, बोलण्यासारखें कांहींच उरलें नव्हतें. ऑस्टीन ह्यांचें पान मात्र गच्च भरलेलें! त्यांनीं काढलेले दोष पाहा, कारण त्यांच्या क्षुद्रपणांतच सारें मर्म आहे. रोग्याच्या अंगावर निर्जंतुक कापडें अशा रीतीनें पसरलीं होतीं कीं, मुख्य वैद्याची सोय झाली, पण समोरच्या मदतनिसाला हात हलविण्यास जागा राहिली नाहीं. वैद्याचें कोपर मधून मधून खांद्याच्या उंचीपर्यंत चढत होतें, आणि चढलेल्या कोपरानें हात अचूक चालत नाहीं. डोळ्यांवरील भिंगांमुळें आजूबाजूचें दिसत नव्हतें. आणि दिवा! वरचा दिवा जखमेवरून सरकला होता, आणि जवळजवळ अर्धा तास गवांदे परावर्तित उजेडांत काम करीत होते. हें त्यांच्या ध्यानींही आलें नव्हतें.

ह्यांतला एकही दोष अज्ञानाचा नव्हे. दिवा जखमेवर असावा हें विद्यार्थ्यालाही ठाऊक असतें. जें आपल्याला ठाऊक आहे तेंच आपण करीत आहों अशी प्रत्येकाची प्रामाणिक समजूत असते, आणि ती खोटी असली तरी तिचा खोटेपणा आपल्या स्वतःच्या डोळ्यांना दिसणें जवळजवळ अशक्य, कारण ते डोळे त्या वेळीं कामांत गुंतलेले असतात. विसांएक मिनिटांच्या त्या संभाषणांत मागच्या पांच वर्षांपेक्षां अधिक खाद्य मिळालें, असें गवांदे म्हणतात. पुढें उपद्रव कमी झाल्याचें सांगतांना हा केवळ योगायोगही असूं शकेल, अशी पुस्तीही ते जोडतात. हा संयम मला फार आवडला.

शाळाशिक्षकांविषयींचा जो दाखला त्यांनीं दिला आहे, तो आपल्या शिक्षणखात्यानें भिंतीवर लावावा असा आहे. कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं 1980 नंतरच्या दशकाच्या आरंभीं 80 शाळांत पांच वर्षें पाहणी केली. नवीन अध्यापनरीति नुसत्या शिबिरांतून शिकविल्या तर वर्गांत त्यांचा उपयोग शेंकडा 10 प्रसंगींच होई. प्रात्यक्षिकें व सूचना जोडल्या तरी प्रमाण 20 च्या आंतच. परंतु सहकाऱ्यानें प्रत्यक्ष वर्गांत बसून पाहिलें व सुचविलें, तेव्हां तें 90 च्या पलीकडे गेलें. आपल्याकडे शिबिरें अजून उत्साहानें भरतच आहेत.

आतां गॅल्वी. हार्वर्ड विद्यापीठाच्या टेनिस-संघाचे ते एके काळचे कर्णधार. त्यांचा सिद्धान्त गवांदे ह्यांच्या अगदीं उलट दिशेनें जातो. खेळाडूच्या मनांत दोघे जण राहतात, असें ते म्हणतात: एक सतत बजावणारा, दुसरा निमूटपणें करणारा. बजावणाराच्या बडबडीनें करणाराचा हात बिघडतो. कोचनें बाहेरून आणखी सूचना ओतल्या तर ती बडबड वाढावयाचीच! म्हणून गॅल्वी शिष्याला एवढेंच सांगत कीं, चेंडू जमिनीवर आदळतांच ‘टप्पा’ म्हण आणि रॅकेटला लागतांच ‘टोला’ म्हण. ह्या पोरखेळांत बजावणारा गुंतून पडतो आणि करणारा मोकळा होतो. शिष्याला दोष दाखवूं नका, त्याचें लक्ष जागें करा. मग शरीर आपली चूक आपणच सुधारतें, हा ह्या पुस्तकाचा सारांश.

व्यवसाय जन्मला तो ह्या पुस्तकाच्या पोटीं. एके काळीं मोटारशर्यतींत नांव कमावलेले इंग्लंडचे सर जॉन व्हिटमोर ह्यांनीं ही पद्धति कचेऱ्यांत आणली आणि 1992 सालीं त्यावर पुस्तक लिहिलें. तुमचें ध्येय काय, वस्तुस्थिति काय, पर्याय कोणते आणि करण्याचा निश्चय कशाचा, असे चार टप्प्यांचे प्रश्न त्यानें घरोघर पोंचविले. पुढें 1995 सालीं अमेरिकेंत ह्या व्यावसायिकांचा आंतरराष्ट्रीय संघही स्थापन झाला. तो अनुभवाचे तास मोजून पायऱ्या ठरवितो: पहिलीस 100, शेवटचीस 2500. परंतु वकिलाला वा वैद्याला लागते तशी कायद्याची सनद ह्या धंद्याला लागत नाहीं. पाटी लावली कीं मनुष्य कोच झाला.

माझा आक्षेप मात्र सनदेविषयीं नाहीं. गॅल्वी प्रश्न विचारीत असतांना समोर चेंडू होता. शिष्यानें ‘टोला’ उशिरां म्हटला तर तें दोघांनाही कळे; चेंडू हा तिसरा साक्षीदार. व्हिटमोर ह्यांच्या अनुयायांनीं प्रश्न उचलले आणि चेंडू मैदानावरच ठेवला. आज बहुतेक ठिकाणीं चालतें तें असें: अधिकारी आपल्या आठवड्याची हकीकत सांगतो, कोच सहानुभूतीनें ऐकतो व मार्मिक प्रश्न करतो. हकीकत सांगणारा तर तोच, ज्याला स्वतःचा दिवा सरकलेला दिसला नव्हता! ऑस्टीन ह्यांनीं दाराबाहेर बसून ‘आजची शस्त्रक्रिया कशी झाली?’ असें विचारलें असतें, तर ‘उत्तम’ हेंच उत्तर मिळालें असतें, आणि तें खोटेंही नसतें.

ह्याचा अर्थ असा नव्हे कीं, नुसत्या संभाषणाचा उपयोग नाहीं. नोकरी सोडावी कीं राहावें, मुलांकडे परदेशीं जावें कीं येथेंच वार्धक्य काढावें, अशा निर्णयांत स्वार्थरहित मनुष्यानें विचारलेला एक नेमका प्रश्न पुष्कळ गुंता सोडवितो; पूर्वीं हें काम घरांतले वडीलधारे किंवा एकादा स्नेही करी, आणि ज्यांना तो लाभत नाहीं त्यांनीं त्यासाठीं पैसे मोजले तर हंसण्याचें कारण नाहीं. परंतु जेथें प्रश्न निर्णयाचा नसून हातोटीचा आहे, तेथें कोचनें सभेंत मागच्या खुर्चीवर येऊन बसावें, लिहिलेलीं पत्रें वाचावीं, निदान आठवड्याच्या तासांची टिपणवही तरी मागावी. जो कोच पाहण्यास कांहींच मागत नाहीं, त्याच्याबद्दल मला शंका येते.

गवांदे ह्यांच्या निबंधांतही एक उणीव राहिली आहे. ऑस्टीन ह्यांस त्यांनीं स्वतः बोलाविलें होतें. तीच वही रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनीं पाठविली असती तर? मीं तीस वर्षें माध्यमिक शाळेंत मराठी शिकविलें. दरवर्षीं तपासणीस साहेब येत, वहींत कांहींतरी लिहीत. त्या दिवशींचा माझा पाठ वर्षांतला सर्वांत खोटा पाठ असे. नोकरीच्या अठराव्या वर्षीं एका सहकाऱ्यास मीं होऊन मागच्या बांकावर बसविलें. तास संपल्यावर तो एवढेंच म्हणाला, “मास्तर, तुमचे सारे प्रश्न उजव्या हाताच्या बांकांकडे जातात.” अठरा वर्षें! डाव्या बाजूच्या किती मुलांना मीं तोंड उघडूं दिलें नसेल, ह्याचा हिशेब करण्याचें धाडस मला अजून झालेलें नाहीं. साहेबांनीं हेंच लिहिलें असतें तर मीं त्यांच्याशीं वाद घातला असता.

ज्याला ही गरज कळली तो यश मिळाल्यावरही ती सोडीत नाहीं. 16 नोव्हेंबर 2013 रोजीं वानखेडे मैदानावर निरोपाचें भाषण करतांना सचिन तेंडुलकर ह्यांनीं सांगितलें कीं, पुन्हां फलंदाजीची वेळ येण्याचा संभव जवळजवळ नसतांही आपले बंधु अजित आदल्या रात्रीं आपण कसे बाद झालों ह्याची चर्चा करीत होते. चोवीस वर्षांच्या कारकीर्दीच्या शेवटच्या रात्रीं!

गवांदे ह्यांच्या निबंधाच्या शेवटाकडे एक लहानसा प्रसंग आहे. भूल देण्याची वाट पाहत असलेली एक रुग्ण स्त्री कोपऱ्यांतल्या ऑस्टीनकडे पाहून ते कोण, असें विचारते. गवांदे गोंधळतात, सहकारी आहेत, म्हणतात, आणि अखेर ‘कोचसारखे’ असें सांगतात. त्यानें तिला धीर आलेला दिसला नाहीं. आपल्या गळ्यावर सुरी धरणाराला अजून शिकावयाचें आहे, हें ऐकून कोणाला धीर येईल? तिची शंका मला अस्वाभाविक वाटत नाहीं. पण मी तिच्या जागीं असतों, तर त्या वहीवाल्या म्हाताऱ्याला दाराबाहेर जाऊं दिलें नसतें.