नाव आणि पुरावा : ४०३ नव्या कीटकजातींच्या वर्णनाची चिकित्सा

प्रस्तावना

आजवर कीटकांच्या सुमारे दहा लाख जातींचे शास्त्रीय वर्णन झालेले आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार पृथ्वीवरील कीटकजातींची संख्या सुमारे ५५ लाख असावी. याचा अर्थ दर पाच जातींपैकी चार अद्याप अनाम आहेत. ज्या वेगाने जंगले नष्ट होत आहेत तो पाहता यांतील कित्येक जाती नाव मिळण्यापूर्वीच नाहीशा होतील, ही भीती अनाठायी नाही. या भीतीतूनच वर्गीकरणाचा वेग वाढविण्याचे प्रयत्न सुरू झाले. अशाच एका बहुचर्चित प्रयत्नाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. (वृत्तपत्रांतून 'प्रजाती' हा शब्द रूढ झाला असला, तरी येथे 'जाती' आणि तिच्या वरची पायरी म्हणून 'वंश' हे शब्द योजले आहेत.)

मूळ प्रबंधाचे स्वरूप

मायकेल शार्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये 'झूकीज' या नियतकालिकात कोस्टारिकामधील ब्रॅकोनिडी कुलातील ४०३ नव्या जाती एकाच प्रबंधात प्रसिद्ध केल्या. हे कीटक म्हणजे लहान आकाराच्या परोपजीवी गांधीलमाश्या होत. त्या प्रामुख्याने इतर कीटकांच्या अळ्यांवर किंवा अळ्यांच्या शरीरात अंडी घालतात. अंड्यांतून निघालेली पिले यजमान अळीवर वाढतात आणि अखेरीस तिचा अंत करतात.

प्रबंधाची पद्धत लेखकांनीच 'मिनिमलिस्ट', म्हणजे किमान तपशिलाची, म्हटली आहे. पेशीतील तंतुकणिकांमध्ये 'सीओआय' नावाचे जनुक असते. त्याचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून त्याला 'डीएनए बारकोड' म्हटले जाते. मिळतेजुळते बारकोड संगणकाने एकत्र केले की जो गट तयार होतो, त्याला 'बोल्ड' या माहितीसंचात 'बिन' असा क्रमांक मिळतो. शार्की प्रभृतींनी असे गट हीच जाती मानली. बहुतेक जातींचे निदान म्हणून केवळ त्या गटाचा सरासरी बारकोड आणि सोबत एक छायाचित्र दिले. शरीररचनेचे सविस्तर वर्णन बहुतांश ठिकाणी नाही.

जमेची बाजू

या प्रबंधाला उतावळेपणाचा नमुना म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे होईल. त्यातील २१९ जातींची यजमान-नोंद उपलब्ध आहे. कोस्टारिकाच्या ग्वानाकास्ते संवर्धन क्षेत्रात डॅनियल जान्झेन, विनी हॉलवॉक्स आणि स्थानिक कार्यकर्ते यांनी अनेक दशके सुरवंट गोळा करून वाढविले. कोणत्या सुरवंटातून कोणती माशी बाहेर पडली याची नोंद ठेवली. असे ज्ञान संग्रहालयातील टाचणीला लावलेल्या नमुन्यातून कधीच मिळत नाही.

केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांवर विसंबणे पुरेसे नाही, हेही मान्य केले पाहिजे. २००४ मध्ये पॉल हेबर्ट, जान्झेन आदींनी 'अ‍ॅस्ट्रॅप्टेस फुल्गरेटर' हे एकच समजले जाणारे फुलपाखरू प्रत्यक्षात दहा जातींचा समूह आहे, असे बारकोड, सुरवंटांचे रंग आणि त्यांच्या खाद्यवनस्पती यांच्या आधारे मांडले. प्रौढ फुलपाखरे इतकी सारखी, की नुसत्या निरीक्षणाने हा भेद हाती लागला नसता. मात्र २००६ मध्ये अँड्र्यू ब्राउअर यांनी त्याच माहितीचे पुनर्विश्लेषण केले तेव्हा त्यांना किमान तीन आणि फार तर सात गटांनाच आधार आढळला. माहिती तीच, निष्कर्ष मात्र भिन्न. २०२१ च्या वादाचे बीज येथेच आहे.

आक्षेप

पहिला आक्षेप पुराव्याचा. रुडॉल्फ मायर व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये 'क्लॅडिस्टिक्स' या नियतकालिकात शार्की प्रभृतींच्या माहितीची फेरतपासणी प्रसिद्ध केली. ३९० पैकी ३८७ 'बिन' जसेच्या तसे जाती म्हणून स्वीकारले गेले होते. गट पाडण्याची संगणकीय रीत बदलली की यांतील अनेक जातींच्या सीमाही बदलतात, असे त्यांना दिसून आले. शिवाय सीओआय हे जनुक केवळ मातेकडून येते. संकरामुळे किंवा 'वोल्बाकिया'सारख्या जिवाणूंच्या संसर्गामुळे त्याचा इतिहास जातीच्या इतिहासापासून वेगळा पडू शकतो. एकाच साक्षीदारावर निकाल देण्यासारखेच हे आहे.

दुसरा आक्षेप निदानाचा. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेच्या १३ व्या कलमानुसार १९३० नंतरच्या नावासोबत, ती जाती इतरांपासून वेगळी ठरविणारी लक्षणे शब्दांत सांगणारे वर्णन असावे लागते. येथे 'वेगळी ठरविणारी' ही अट महत्त्वाची आहे. सहाशेहून अधिक अक्षरांची माळ जातीजवळ काय आहे ते सांगते. त्यांपैकी कोणते अक्षर तिला शेजारच्या जातीपासून वेगळे करते, ते सांगत नाही. वर्णन आणि निदान यांतील हा फरक पदवीच्या विद्यार्थ्यालाही शिकविला जातो.

तिसरा आक्षेप प्रस्तुत लेखकास सर्वाधिक मूलभूत वाटतो. 'बिन' क्रमांक हा त्या गटाला आधीच मिळालेला असतो. संशोधकांनी त्या क्रमांकाने माहिती साठवावी, देवाणघेवाण करावी, यात काहीच अडचण नाही. मग द्विनाम कशासाठी? नाव जर क्रमांकापेक्षा अधिक काही सांगत नसेल, तर ते क्रमांकाचे केवळ भाषांतर ठरते. आणि ते अधिक काही सांगत असेल, म्हणजे 'ही निसर्गातील स्वतंत्र जाती आहे' असा दावा करीत असेल, तर त्या दाव्याचा पुरावाही क्रमांकापेक्षा अधिक हवा. शार्की प्रभृतींची पद्धत या पेचातून सुटत नाही.

आपल्या संदर्भात

हा वाद दूरच्या देशातील विद्वानांचा म्हणून सोडून देता येत नाही. पपईवरील पिठ्या ढेकूण ही मूळची मेक्सिकोकडील कीड २००८ मध्ये कोईमतूर येथे आढळली आणि पुढे महाराष्ट्रातील बागांपर्यंत पोहोचली. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून 'असेरोफॅगस पपायी' ही परोपजीवी माशी आणून सोडण्यात आली व कीड आटोक्यात आली. हे शक्य झाले, कारण त्या ढेकणाचे वर्णन १९९२ मध्ये आणि त्या माशीचे २००३ मध्ये झालेले होते. नाव चुकले असते तर चुकीचा मित्रकीटक आणला गेला असता. नाव अचूक असण्याला असे रोकडे मोल असते.

आपल्या बहुसंख्य महाविद्यालयांत सूक्ष्मदर्शक आहे, डीएनए वाचण्याची सोय नाही. क्लॉड मॉर्ले यांचा १९१३ चा 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेतील इक्न्यूमोनिडी कुलावरील खंड आज अपुरा असला, तरी तो उघडून, नमुना समोर ठेवून काम सुरू करता येते. केवळ बारकोडने सांगितलेली जाती मात्र अशा शिक्षकाला ओळखताच येत नाही. म्हणजे ज्या उष्ण कटिबंधीय देशांत अनाम कीटक सर्वाधिक, तेथीलच अभ्यासक या ज्ञानातून वगळला जातो. किमान वर्णनाचे श्रम वाचतात ते लेखकाचे. ते वाढतात पुढच्या अभ्यासकाचे.

निष्कर्ष

वेग आणि पुरावा यांत विरोध असलाच पाहिजे असे नाही. बारकोडने नमुन्यांची प्राथमिक विभागणी करावी, त्यानंतर शरीररचना, यजमान व शक्य तेथे दुसरे जनुक यांच्या साहाय्याने ती तपासावी, आणि जे गट या कसोटीला उतरतील त्यांनाच नाव द्यावे. उरलेले क्रमांकाने ओळखले जावेत. त्यात कमीपणा नाही. या कामात महाविद्यालयांना करण्याजोगे बरेच आहे. स्थळ, दिनांक व यजमान वनस्पतीची नोंद असलेले, नीट जपलेले नमुने ही पहिली गरज आहे. जातीचे नाव हे एक गृहीतक असते, हे खरे. पण गृहीतक मांडणाऱ्याने ते खोडून काढण्याची साधनेही इतरांच्या हाती दिली पाहिजेत. ४०३ जातींच्या या प्रबंधात नावे भरपूर आहेत. ही साधने मात्र अपुरी आहेत.